माशीचे मेण आणि पतंगाचा साचा

१९७१ मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात घरमाशीवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. फ्लोरिडातील गेन्सव्हिल आणि मेरिलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी कृषी संशोधकांनी, म्हणजे कार्लसन, बेरोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, माद्यांच्या अंगावरून आणि विष्ठेतून एक तेलकट पदार्थ वेगळा काढला होता, त्याची रचना ठरवली होती आणि तो बाटलीत बनवूनही दाखवला होता. रेणू साधा होता: २३ कार्बनची सरळ साखळी आणि तिच्यात नवव्या कार्बनपाशी एक दुहेरी बंध. रसायनशास्त्रात त्याचे नाव (झेड)-९-ट्रायकोसीन. व्यवहारात तो मस्काल्युअर झाला. नर या पदार्थाकडे येतात, तेव्हा हाच घरमाशीचा कामगंध, असा निष्कर्ष निघाला. तो चुकीचा नव्हता. पण ज्या प्रश्नाचे हे उत्तर होते तो प्रश्न माशीला पाहून विचारलेला नव्हता. तो रेशमाच्या पतंगावरून उचललेला होता, आणि त्यामुळेच हा रेणू हाती लागूनही माशीच्या अंगावर तो मुळात कशासाठी असतो हे कळायला पुढची कित्येक वर्षे लागली, असे माझे म्हणणे आहे.

हा साचा १९५९ मध्ये तयार झाला. जर्मनीत अडॉल्फ बुटेनान्ट यांनी सुमारे वीस वर्षे खपून, जवळपास पाच लाख रेशीमपतंगांच्या माद्यांच्या ग्रंथींतून काही मिलिग्रॅम बोंबिकोल मिळवले. त्याच वर्षी कार्लसन (हे पेटर, वरचे नव्हेत) आणि ल्युशर यांनी अशा पदार्थांसाठी ‘फेरोमोन’ हा शब्द सुचवला. चित्र मोठे मोहक होते. मादी एका जागी बसून पोटाच्या टोकाशी असलेली खास ग्रंथी उघडते, हवेत अत्यल्प वाफ सोडते आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूरवरून नर धावत येतो. हे कीटकनाशकांना कंटाळलेल्या काळात घडले. डीडीटीच्या शोधाबद्दल पाउल म्युलर यांना १९४८ चे नोबेल मिळण्यापूर्वीच, १९४६ मध्ये, स्वीडन आणि इटलीत डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या दिसू लागल्या होत्या. १९६२ मध्ये रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ आले. विष न फवारता किडीला तिच्याच वासनेच्या सापळ्यात पकडायचे, ही कल्पना सरकारी प्रयोगशाळांनी उचलून धरली नसती तरच नवल. १९७० मध्ये बेल्ट्सव्हिलच्याच गटाने अमेरिकी जंगलांना पिडणाऱ्या जिप्सी मॉथ या पतंगाचा कामगंध ओळखला. १९७३ मध्ये गुलाबी बोंडअळीचा गॉसिप्ल्युअर सापडला. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या शेतात काठीला टांगलेला कामगंध सापळा त्याच रांगेतला आहे. या रांगेत माशीलाही उभे केले गेले. घरमाशीच्या मादीत नराला ओढणारा उडता पदार्थ असावा असा पुरावा रोगॉफ आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच मांडला होता. सात वर्षांनी रेणू मिळाला आणि रांग पूर्ण झाल्यासारखी वाटली.

याच काळात शेजारच्या दालनात दुसरे संशोधन चालले होते, आणि दोन दालनांमधले दार बहुधा बंद असे. तिथला प्रश्न वेगळा होता: एवढासा जीव उन्हात वाळून कसा जात नाही? देह जितका लहान तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा, म्हणून पाणी उडून जाण्याची भीतीही मोठी. १९३५ मध्ये जे. ए. रॅम्से यांनी झुरळाच्या पाठीवर पाण्याचा थेंब ठेवून पाहिला, तर तो वाळेना. झुरळाच्या अंगावरचे स्निग्ध द्रव्य थेंबावर पसरून त्याच्यावर झाकण बसवत होते. १९४५ मध्ये व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी याचा पाया घातला. दक्षिण अमेरिकेतला ऱ्होडनिअस हा रक्तपिपासू किडा त्यांनी अत्यंत बारीक, कठीण भुकटी टाकलेल्या कागदावर चालू दिला. चालताना पोट घासले गेले, त्यावर सूक्ष्म ओरखडे उठले आणि किडा वाळू लागला. ओरखडे खरोखर कुठे पडले हे पाहण्यासाठी त्यांनी कातडे चांदीच्या अमोनियायुक्त द्रावणात बुडवले. जिथे मेण खरवडले गेले होते तिथेच तपकिरी रेघा उमटल्या. यातली खरी मौज पुढे आहे. तोच ओरखडलेला किडा दमट हवेत जिवंत ठेवला तर तो आतून नवे मेण पाझरवून जखम बुजवतो आणि पुन्हा पाणी राखू लागतो. म्हणजे मेण हा एकदाच दिलेला रंगाचा हात नव्हे, ते सतत घडत असते. कडधान्याला राख चोळून कणगीत भरणाऱ्या आपल्याकडच्या शेतकरी बायकांना यातले अर्धे तरी अनुभवाने ठाऊक होते. राखेने सोंडे मरतात ते विषाने नव्हे, मेण खरवडले जाऊन वाळल्याने मरतात. डीडीटीचे यशही याच मेणावर उभे होते, कारण पाण्यात न विरघळणारे ते विष माशीच्या पायावरच्या स्निग्ध थरात सहज उतरते.

१९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीची रीत दाखवून दिल्यावर मेणातले घटक एकेक करून वेगळे काढणे शक्य झाले. १९६२ मध्ये तर प्रौढ घरमाशीच्या हायड्रोकार्बनांवर स्वतंत्र निबंधही प्रसिद्ध झाला. त्याचा विषय मेण होता, मीलन नव्हता. कामगंध शोधणाऱ्यांना ग्रंथी हवी होती, वाफ हवी होती, पतंगासारखा काहीतरी खास पदार्थ हवा होता. मेण अभ्यासणाऱ्यांना पाण्याचा हिशेब हवा होता. ज्या पदार्थाच्या शोधात पहिला गट होता तो दुसऱ्या गटाच्या टेबलावरच्या मिश्रणात असावा, ही शक्यता त्या दशकात कुणी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

आता रेणूकडे पाहू, कारण साच्यातली विसंगती तिथेच उघडी पडते. बोंबिकोल १६ कार्बनचे अल्कोहोल आहे. हवेत उडायला ते पुरेसे हलके. ट्रायकोसीनमध्ये २३ कार्बन आणि ऑक्सिजनचा एकही अणू नाही. हे अत्तराचे लक्षण नव्हे, हे मेणाचे लक्षण आहे. दुहेरी बंधाच्या जागी साखळीला बाक येतो, म्हणून ते साध्या तापमानाला घट्ट न राहता तेलासारखे राहते, एवढाच फरक. असा पदार्थ वाऱ्यावर दूर जात नाही; तो अंगावर राहतो आणि अंगाला अंग लागले की, किंवा अगदी जवळ आल्यावर, कळतो. घरमाशीचे वर्तनही हेच सांगते. नर मादीला वासाने शोधत येत नाही, तो तिला डोळ्यांनी पाहतो. माशीएवढे काहीही काळे दिसले की त्यावर झेप घेतो, मग ती मादी असो, दुसरा नर असो वा प्रयोगासाठी ठेवलेली काळी नक्कल असो. झेप घेतल्यावर पाय आणि तोंड टेकते, आणि तिथे मेणाची भाषा सुरू होते: पुढे जायचे की सोडून द्यायचे. प्रयोगांत हीच नक्कल मादीच्या अर्काने माखली तर नर तिच्यावर अधिक झडप घालतात, हे दिसलेच होते. साच्याला धरून त्याचा अर्थ ‘आकर्षण’ असा लावला गेला; ‘ओळख’ असा लावला असता तर तो अधिक नेमका ठरला असता.

मेण आणि कामगंध ही दोन प्रकरणे एकच आहेत हे ज्या कामाने सिद्ध झाले ते १९८० च्या दशकातले, आणि माझ्या मते या इतिहासातले सर्वांत सुंदर काम तेच. नॉर्थ डकोटातल्या फार्गो येथील सरकारी प्रयोगशाळेत मेणाचे जाणकार नेल्सन आणि माशीच्या अंडाशयावर काम करणारे अ‍ॅडम्स होते. नेवाडा राज्यातल्या रीनो विद्यापीठात जीवरसायनाचे गॅरी ब्लॉमक्विस्ट होते. दार उघडले ते या तिघांच्या एकत्र येण्याने. कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मादीच्या मेणात २७ कार्बनचे असंपृक्त हायड्रोकार्बन असते, आणि नराच्याही मेणात तेच असते. तेव्हा दोघांच्या कातडीवर फारसा भेद नसतो. दोनतीन दिवसांत मादीचे अंडाशय वाढू लागते तसे २७ मागे पडते आणि २३ पुढे येते. कोवळ्या मादीचे अंडाशय काढून टाकले तर हा बदल होत नाही. दुसऱ्या मादीचे अंडाशय बसवले तर होतो. अंडाशय न बसवता नुसते एक्डायसोन टोचले, म्हणजे कात टाकण्याशी जोडला गेलेला तोच संप्रेरक, तरी होतो. १९८४ मध्ये त्यांनी नरातही अंडाशय बसवून किंवा हा संप्रेरक टोचून पाहिला, आणि नराच्या अंगावर मादीचा कामगंध तयार झाला! म्हणजे यंत्रणा दोघांतही आहे. तिला कुठे थांबायचे हे मादीला तिचे अंडाशय सांगते.

‘कुठे थांबायचे’ हे शब्दशः खरे आहे. माशी ओलेइक आम्लापासून सुरुवात करते. त्यात १८ कार्बन असतात आणि दुहेरी बंध शेपटीकडून मोजल्यास नवव्या कार्बनपाशी असतो. प्रत्येक फेरीत डोक्याकडच्या बाजूला दोन कार्बन जोडले जातात, शेपटी तशीच राहते. १८ चे २०, २२, २४ होतात. मग डोक्याकडचा एक कार्बन काढून टाकला की उरतात २३, आणि दुहेरी बंध अजून नवव्याच जागी. आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या तर २८ होऊन शेवटी २७ उरले असते, म्हणजेच सगळ्यांच्या अंगावरचे ते सामान्य मेण. घरमाशीचा कामगंध म्हणजे दोन फेऱ्या आधी थांबवलेले मेण, दुसरे काही नाही. त्याच्यासाठी वेगळी ग्रंथी लागत नाही. ते इतर मेणासोबत कातडीखालच्या पेशींत बनते आणि १९९० च्या दशकाअखेर कोबी शाल यांच्या गटाने दाखवल्याप्रमाणे रक्तातल्या लायपोफोरिन या वाहक प्रथिनावर बसून अंगभर पोचते. कारखान्यांनाही पुढे हीच वाट सोयीची वाटली: मोहरीच्या तेलातल्या एरुसिक आम्लात २२ कार्बन आणि शेपटीकडून नववा दुहेरी बंध तयारच असतो, त्याला एक कार्बन जोडून ऑक्सिजन काढून टाकला की ट्रायकोसीन मिळते. १९७२ मध्येच ही कृती छापून आली होती.

तो शेवटचा एक कार्बन कसा निघतो यावर बराच वाद झाला. केरळात जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले जीवरसायनशास्त्रज्ञ पी. ई. कोलट्टुकुडी यांनी १९८० च्या दशकात वनस्पतींच्या मेणावर काम करून दाखवले होते की आल्डिहाइडमधून कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि हायड्रोकार्बन उरते. कीटकांतही असेच असावे, असे धरून चालणे स्वाभाविक होते. १९९४ मध्ये ब्लॉमक्विस्ट यांच्या गटाने माशीच्या पेशींच्या अर्कात २४ कार्बनचे आल्डिहाइड घालून पाहिले, तेव्हा निघाला कार्बन डायऑक्साइड. क्रियेला ऑक्सिजन लागत होता आणि कार्बन मोनॉक्साइड दिला तर ती उलट बंद पडत होती. काम सायटोक्रोम पी४५० जातीच्या विकराचे होते. २०१२ मध्ये हा विकर नेमका ओळखला गेला. फळमाशीतले त्याचे भावंड सीवायपी४जी१ बंद केले, तर बहुतेक माश्या कोशातून बाहेर पडतानाच मेल्या. ज्या वाचल्या त्यांच्या अंगावर मेण नावापुरते होते आणि कोरड्या हवेत त्या टिकल्या नाहीत. घरमाशीच्या जोडीदाराची ओळख जो विकर घडवतो त्याच घराण्याचा विकर माशीला वाळून मरण्यापासून वाचवतो. दोन दालनांतला प्रश्न एकच होता याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पतंगाचा साचा नसता तर कुणी माशीवर कामगंध शोधलाच नसता. तेव्हा त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे. आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. साच्याने शोध घडवला. पण तो शोधानंतरही तसाच वापरात राहिला, तक्रार त्याबद्दल आहे. २३ कार्बनची साखळी समोर आली तेव्हाच ‘हे तर मेण आहे’ असे म्हणून दुसऱ्या दालनात जायला हवे होते. दुसरा आक्षेप पश्चातबुद्धीचा: त्या काळच्या लोकांना जे दिसणे शक्य नव्हते त्याचा जाब आज विचारू नये. हा आक्षेप मात्र टिकत नाही. उपकरण होते, माशीच्या हायड्रोकार्बनांवरचा निबंध होता, मेण सतत घडते हे विगल्सवर्थ यांनी दाखवले होते. कमतरता ज्ञानाची नव्हती, खात्यांच्या वाटणीची होती. तिसरा आक्षेप असा की माश्यांना दुरून बोलावताच येत नाही असे कसे म्हणता? बिहारमधील पुसा येथे एफ. एम. हाउलेट यांनी १९१५ मध्येच मिथाइल युजेनॉलने फळमाश्यांचे नर ओढून दाखवले होते, आणि आज कोकणातल्या आंबा बागांत दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्याच रसायनावर चालतो. खरे आहे. पण मिथाइल युजेनॉल वनस्पतींतले उडते सुगंधी द्रव्य आहे, फळमाशीच्या मादीच्या कातडीवरचे मेण नव्हे. एका माशीला लागू पडले ते दुसरीला लागू करण्याची घाई हीच तर मूळ चूक.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माद्यांत ट्रायकोसीन भरपूर सापडते, पण गोठ्या-उकिरड्यांवरून पकडलेल्या माश्या तपासल्या तेव्हा त्याचे प्रमाण फार कमीजास्त निघाले, काहींत तर अगदीच थोडे. मग हा कामगंध तरी म्हणायचा का? पतंगाच्या साच्यात या प्रश्नाला उत्तर नाही. तिथे एक रेणू म्हणजे एक संदेश. मेणाच्या बाजूने पाहिले तर अडचण राहत नाही. ट्रायकोसीनसोबत त्याचेच ऑक्सिजन जोडलेले भाऊबंद, म्हणजे एक इपॉक्साइड आणि एक कीटोन, तसेच फांद्या फुटलेले काही हायड्रोकार्बन मादीच्या मेणात असतात, आणि नराच्या वर्तनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यांचाही हात असतो, हे अ‍ॅडम्स यांच्याच प्रयोगांतून पुढे आले. नर वाचतो ते सगळे मिश्रण. शिवाय हा रेणू घरमाशीची खासगी मालमत्ताही नाही. २००७ मध्ये असे दिसले की पोळ्यात नाचून अन्नाची दिशा सांगणाऱ्या मधमाश्या जी द्रव्ये हवेत सोडतात त्यांत हेच (झेड)-९-ट्रायकोसीन असते. सगळ्याच कीटकांच्या अंगावर मेण असते; कुणी त्यातला कोणता धागा कोणत्या कामाला लावला, हा प्रत्येक जातीचा स्वतंत्र इतिहास आहे.

उरतो बाजाराचा दाखला: मस्काल्युअर आजही विकले जाते, मग साचा अयशस्वी कसा? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे त्याची नोंदणी १९७५ मध्ये झाली, कामगंधांपैकी अगदी सुरुवातीच्या नोंदण्यांपैकी ती एक. पण ते कसे विकले जाते ते पाहावे. बोंडअळीसाठी गॉसिप्ल्युअर शेतभर पसरवून नरांना मादीचा पत्ता लागू न देण्याची रीत वापरात आली. घरमाशीसाठी तशी रीत बसली नाही, आणि बसणारही नव्हती, कारण नर मादीला डोळ्यांनी शोधतो. दुरून माश्या ओढणारा सापळा म्हणूनही त्याचा बोलबाला झाला नाही. ते टिकले ते विषारी आमिषातला एक घटक म्हणून: साखर, विष आणि जोडीला अत्यल्प ट्रायकोसीन, ज्यामुळे जवळ आलेली माशी, मादीसुद्धा, दाण्यांवर जास्त वेळ रेंगाळते आणि जास्त खाते. मेथोमिल, इमिडाक्लोप्रिड अशा विषांसोबत कोंबड्यांच्या शेडमध्ये ते वापरले जाते. विष न वापरता कीड आवरण्यासाठी शोधलेला रेणू शेवटी विषाचा हस्तक झाला, हा या इतिहासातला उपरोध मला दुर्लक्षिता येत नाही.

तेव्हा कुक्कुटपालकाने किंवा गोठेवाल्याने आमिषाच्या डब्यावरचा ‘फेरोमोनयुक्त’ हा शब्द वाचून फार अपेक्षा धरू नये. मारण्याचे काम तिथे विष करते आणि ट्रायकोसीनचे प्रमाण टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. उन्हाळ्यात घरमाशीचे अंडे ते प्रौढ माशी हे चक्र सात ते दहा दिवसांत पुरे होते, म्हणून शेणखत आणि कोंबडीखत त्याआधी हलवणे, वाळवणे किंवा झाकणे याला पर्याय देईल असा कोणताही रेणू आजवर सापडलेला नाही.